विकायचं की कळवायचं?



आसेगावजवळच्या ज्या वस्तीत मी दर आठवड्याला जातो, तिथल्या काही घरांचा संसार डुकरांवर चालतो. डुकरीण व्याली की मुलांच्या वह्या-पुस्तकांचा आणि दवाखान्याचा खर्च निघतो. गेल्या पावसाळ्यात एका मावशींची डुकरीण तापाने पडली. त्यांनी मला हळूच विचारले, "दादा, मराच्या आधी इकून टाकू काय?"

मी नको म्हणालो. का, ते आपल्यालाही सांगतो.

'आफ्रिकन स्वाइन फीवर' हा डुकरांचा विषाणूजन्य रोग १९२१ मध्ये केनियातून प्रथम नोंदला गेला. भारतात तो २०२० मध्ये आसाम व अरुणाचलात आढळला. पुढच्या वर्षी मिझोरममध्ये हजारो डुकरे दगावली. तिथल्या आदिवासी घरांतही डुक्कर म्हणजेच शिल्लक. भरपूर ताप, खाणे बंद, कान व पोटावर लाल-निळे डाग आणि काही दिवसांत मृत्यू, ही त्याची लक्षणे. माणसाला हा रोग होत नाही. पण त्यावर औषध नाही आणि आपल्याकडे पशुपालकांना लसही मिळत नाही.

२०२२ साली आपण जनावरांचा लम्पी पाहिला. तो माश्या-डासांनी पसरवला. डुकरांचा हा रोग मात्र दूरवर पोहोचतो तो बहुधा माणसाच्या हातून. आजारी डुक्कर बाजारात जाते, मांस स्वस्तात विकले जाते, बुटांना व गाडीच्या चाकांना घाण लागते. कच्च्या व गोठवलेल्या मांसात विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. १९५७ मध्ये लिस्बनला तो विमानातले उष्टे डुकरांना घातल्यामुळे पोहोचला.

म्हणून नियंत्रणही माणसाच्याच हाती आहे. रोग निश्चित झाला की १ किलोमीटरच्या आतली सर्व डुकरे मारून चुना टाकून खोल पुरतात आणि १० किलोमीटरपर्यंत पाहणी ठेवतात. मालकाला सरकारी भरपाई मिळते. पण ती कळवणाऱ्याला, लपवणाऱ्याला नाही.

दुसरा, तसाच दिसणारा 'क्लासिकल स्वाइन फीवर' मात्र लसीने टळतो. दोहोंतला फरक प्रयोगशाळाच सांगते. त्यामुळे अंदाज न बांधता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. नवीन डुक्कर महिनाभर वेगळे बांधावे, मेलेले नाल्यात टाकू नये.

मावशींनी डुकरीण विकली नाही. डॉक्टर आले, तो साधा ताप निघाला आणि ती उठली. पण त्या दोन रात्री मावशी झोपल्या नव्हत्या. न विकण्याची जोखीम त्यांनी एकटीने, सगळ्या वस्तीसाठी उचलली होती.

आपल्याकडूनही एक गोष्ट व्हावी. लग्न, नाताळ किंवा मंडळीच्या भोजनातले उष्टे आपण प्रेमाने अशा वस्त्यांवर पाठवतो. त्यात मांस-हाडे नकोत. उरलेलेही तासभर उकळूनच डुकरांपुढे जावे, हे देतानाच सांगावे.