मनमाडला गाडी बदलावी लागायची तेव्हा

२० नोव्हेंबर २०२४ ला नांदेडच्या मतदान केंद्रात आमच्यापुढे दोन यंत्रं होती, एक विधानसभेचं आणि एक लोकसभेचं. खासदार वसंतराव चव्हाण ऑगस्टमध्ये गेले, म्हणून ही पोटनिवडणूक. लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले आणि त्याच मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीनं जिंकल्या. एकाच खोलीत, दोन मिनिटांच्या अंतरानं हजारो लोकांनी दोन वेगळ्या पक्षांची बटणं दाबली. का दाबली, ते आमच्या कॉलनीत कुणी कुणाला विचारलं नाही. महिनाभर आधीच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना आली होती : ‘कृपया राजकीय पोस्ट टाकू नयेत. संबंध खराब होतात.’ त्याखाली रांगेनं अंगठे उमटले होते.

ती सूचना मला फार लागली. राजकारण बोलल्यानं संबंध खराब होतात, हे या गावाला कधीपासून वाटायला लागलं, त्याचा शोध घेत मी मागं गेलो.

फार मागं जात नाही. निजामाच्या राज्यातून सुटल्यावरची पहिली पंचवीस वर्षं आमच्याकडे बहुतेक काँग्रेसचीच. त्यांत निवडणूक म्हणजे गावचा पाटील सांगेल तिकडं शिक्का. १९७७ ला पहिल्यांदा बांध फुटला. नांदेडला केशवराव धोंडगे आणि लातूरला उद्धवराव पाटील, दोघंही शेतकरी कामगार पक्षाचे, लोकसभेवर गेले. पण ती लाट होती आणि लाटेत वाद होत नाही. खरा वाद मी पाहिला तो १९८६ ते १९९५ या दहा वर्षांत. पहिली सहा वर्षं नांदेडला काढली, नंतर बँकेनं लातूरला बदली केली.

नांदेडला वजिराबादेत एक हॉटेल होतं. सहाची पाळी सुटली की मिलमधले एक मामा तिथं यायचे. कपड्यांवर कापसाची लव तशीच असायची. कंधारकडचे एक गुरुजी यायचे, ते धोंडग्यांचे कट्टर. भोकरचा एक कापूसवाला शेतकरी आठवड्यातून दोनदा, बाजारच्या दिवशी हमखास. वाद पक्षावरून सुरू व्हायचा, पण पाच मिनिटांत धोरणावर यायचाच, कारण प्रत्येकाच्या पोटापाण्याला कुठलं ना कुठलं धोरण बांधलेलं होतं.

कापूस एकाधिकार घ्या. सरकारशिवाय कुणाला कापूस विकायचा नाही, अशी ती योजना १९७२ पासून. भोकरवाला म्हणायचा, “पलीकडं आदिलाबादला भाव जास्त. माझा कापूस मी नेला तर मी चोर?” मामा म्हणायचे, “अन् भाव पडला की पलीकडचा व्यापारी तुला उभा करील का? तव्हा सरकारच्याच दारात येतूस ना?” यावर दोन-दोन तास जायचे. मामांना मिल चालायला हवी होती, शेतकऱ्याला भाव हवा होता, आणि दोघांनाही कळत होतं की एकाच पिंजलेल्या कापसाची ही दोन टोकं आहेत.

दुसरा विषय रेल्वेचा. नांदेडहून मुंबईला जायचं तर मनमाडला गाडी बदलावी लागे, कारण आमच्याकडं मीटरगेज. बोचकी, ट्रंक, लेकरं घेऊन रात्री-अपरात्री मनमाडच्या फलाटावर बसलेला माणूस विकासाचा अनुशेष हा शब्द न शिकताच समजत होता. सुधाकरराव डोईफोडे यांनी ‘प्रजावाणी’तून रुंदीकरण लावून धरलं होतं. दांडेकर समितीनं १९८४ ला राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी काढला, त्यात मराठवाड्याचे सुमारे ७५० कोटी. हा आकडा आमच्या हॉटेलात चहा देणाऱ्या पोराला पाठ होता. उमेदवाराच्या सभेत मागून कुणीतरी ओरडायचंच, “साडेसातशे कोटीचं बोला!”

मुख्यमंत्री झालेल्या शंकरराव चव्हाणांच्या नांदेडच्या रिकाम्या लोकसभा जागेवर १९८७ ला पोटनिवडणूक लागली. एका बाजूला त्यांचे चिरंजीव अशोकराव, समोर प्रकाश आंबेडकर. त्या काळाबद्दल मी एवढ्या मायेनं बोलतो आहे म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हॉटेलात आमच्या टेबलाशेजारी वस्तीतला एक पदवीधर मुलगा बसायचा. त्या प्रचारात त्यानं सरळ विचारलं, “सर, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात १९७८ ला झाला. नऊ वर्षं झाली. तुमच्यातलं कोण या मुद्द्यावर मत देणार?” टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा खून झाला तो याच जिल्ह्यात, याच नावासाठी. आमच्या टेबलावर कुणी बोललं नाही. गुरुजी गप्प, मामा गप्प, मीही गप्प. मग कुणीतरी रेल्वेचा विषय काढला. तो मुलगा चहा अर्धा टाकून उठला आणि पुन्हा त्या टेबलाजवळ बसला नाही. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. अनुशेषावर तासन् तास बोलणारे आम्ही, या एका अनुशेषावर तोंड उघडू शकलो नाही. त्याची बोच अजून आहे.

१९८९ ला मात्र वादाला फळ आलं. जनता दलाचे डॉ. व्यंकटेश काब्दे चक्र चिन्हावर उभे राहिले आणि अशोकराव पडले. घराणं, कारखाना, सोसायटी सगळं एका बाजूला असताना पडले. त्याच वेळी लातूरला शिवराज पाटील चाकूरकर निवडून आले. म्हणजे लाट नव्हती. नांदेडकरांनी ठरवून मत दिलं होतं. पुढच्या वर्षी व्ही. पी. सिंगांच्या सरकारची दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी आली आणि आमच्या टेबलावर वणवा पेटला. बँकवाला म्हणून सगळे माझ्यावर. भोकरवाला म्हणाला, “मी बायकोची बोरमाळ मोडून हप्ता भरला. शेजाऱ्यानं नाही भरला, त्याचं माफ. ज्यानं फेडलं तो येडा ठरला का?” ज्या सरकारला त्यानं मत दिलं होतं, त्याच सरकारला तो हे विचारत होता. आपल्या पक्षाला असं विचारणारा माणूस मला गेल्या दहा वर्षांत भेटलेला नाही.

लातूरला गेलो आणि ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप पाहिला. त्याबद्दल इथं एवढंच सांगतो की १९९५ च्या निवडणुकीत पुनर्वसन हाही धोरणाचाच विषय झाला. नवी गावं शहरातल्या कॉलनीसारखी रांगेत आखली. किल्लारीकडचा एक म्हातारा मला म्हणाला, “घर दिलं साहेब, पण म्हैस कुठं बांधू?” गंजगोलाईत आणि मार्केट यार्डात तुरीच्या पोत्यांवर बसून, सौदा निघेपर्यंत शेतकरी हेच बोलायचे. मंत्री आपल्या गावचा असून रेल्वे अजून नॅरोगेज का? यार्डात पिण्याचं पाणी का नाही? विलासराव देशमुखांसारखा मोठा माणूस त्या निवडणुकीत शिवाजीराव पाटील कव्हेकरांकडून हरला. त्याच मतदारांनी १९९९ ला विलासरावांना परत आणलं आणि ते मुख्यमंत्री झाले. पाडायचं कसं आणि उचलायचं कसं, दोन्ही त्या गावाला येत होतं.

त्यानंतरच्या वर्षांबद्दल मला फार सांगायचं नाही. रूळ रुंद झाले. नांदेडची मिल बंद पडली, मामा गेले. एक मात्र विसरत नाही. २००४ ला लातूरकरांनी चाकूरकरांना पाडलं, रूपाताई निलंगेकर निवडून आल्या, आणि महिन्याभरात चाकूरकर देशाचे गृहमंत्री झाले. पुढे राज्यसभेवर गेले. ओळखीचे एक अडते तेव्हा म्हणाले, “मग आम्ही केलं काय?” माझ्या मते वाद मरायला तिथून सुरुवात झाली. नांदेडला हेच पुन्हा झालं. अशोकराव २०१९ ला भाजपकडून हरले, १३ फेब्रुवारी २०२४ ला भाजपमध्ये गेले आणि राज्यसभेवर गेले. त्यांना हरवणारे प्रताप पाटील चिखलीकर २०२४ ला लोकसभा हरले आणि राष्ट्रवादीत जाऊन लोह्याचे आमदार झाले. आता कंधारच्या गुरुजींनी कुणाशी वाद घालायचा? भूमिका माणसाबरोबर राहत नाही आणि माणूस पक्षात राहत नाही. मतदार आळशी झाला असं म्हणणाऱ्या संपादकांचा मला राग येतो. ज्याला धरून विचारायचं तोच हातातून काढून घेतला आणि वर दोष मतदाराला.

माझा भाचा नोकरीसाठी इंग्लंडात आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक म्हणून त्याला तिथं मत आहे. ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीआधी चर्चच्या सभागृहात सगळे उमेदवार एका रांगेत बसले होते आणि एका बाईनं सरकारी दवाखान्यातल्या प्रतीक्षा यादीवरून त्यांना अर्धा तास सोडलं नाही, असं त्यानं फोनवर सांगितलं. मला नवल वाटलं नाही. आम्ही हे सभागृहाशिवाय केलेलं आहे. आता मात्र करत नाही. अनुशेष भरून काढायच्या मराठवाड्याच्या वैधानिक विकास मंडळासाठी माणसं वर्षानुवर्षं झगडली, ते १९९४ ला मिळालं, ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. २०२४ च्या प्रचारात एकाही सभेत मी त्याचं नाव ऐकलं नाही आणि मागून ओरडणारंही कुणी नव्हतं.

मतदानाच्या आठवडाभर आधी एसटीनं लातूरला निघालो होतो. लोह्याला पाच-सहा बाया चढल्या, अर्ध्या तिकिटाच्या. सोयाबीन काढणीच्या कामावरून परतत होत्या. एकीनं विषय काढला, लाडक्या बहिणीच्या दीड हजाराचे एकवीसशे होणार म्हणून. दुसरी म्हणाली, समोरचे तीन हजार देतो म्हणायलेत. तिसरी, वयानं सगळ्यांत मोठी, खिडकीकडं तोंड करून बसली होती, ती वळली. “देऊ द्या की. पण सोयाबीनचा सरकारी भाव चार हजार आठशे ब्याण्णव. आपल्या मालकाचं गेलं चार हजारानं. एका क्विंटलमागं आठ-नऊशे कुणी खाल्ले, ते अगुदर इचारा.” मग अहमदपूर येईपर्यंत त्या बाया भांडल्या. दीड हजारानं घरात तेल-मीठ येतं हेही एकीनं ठासून सांगितलं, भाव मिळाला तर मजुरी वाढेल का यावरही झालं. वजिराबादेतल्या आमच्या टेबलावर एकही बाई कधी बसली नव्हती.

म्हातारी उतरताना मला म्हणाली, “तुमी कुठवर, दादा?” लातूर म्हणालो. “मग रेल्वेनं का नाही जात? कंबर मोडंल की.”

नांदेडहून लोहा, अहमदपूरमार्गे लातूर रोडला रेल्वे न्यावी, ही मागणी कित्येक वर्षांची आहे. तो मार्ग झालेला नाही. रेल्वेनं जायचं तर आजही परभणी आणि परळीचा वळसा घालूनच जावं लागतं.