गाण्याचा व्हिडिओ काढताना आपली माणसे विसरू नका

भीमजयंती जवळ आली की वस्तीवस्तीतील मंडळांत लगबग सुरू होते. वर्गणी, मंडप, मिरवणूक यांच्या जोडीला आता आणखी एक काम आले आहे. ते म्हणजे मंडळाचे स्वतःचे गाणे आणि त्याचा व्हिडिओ. पूर्वी एखादी कॅसेट निघाली तरी केवढे कौतुक व्हायचे! आज मोबाईल हाती असलेला कोणताही होतकरू तरुण व्हिडिओ काढू शकतो. ही आनंदाची गोष्ट आहे.

गेल्या जयंतीला आमच्या वस्तीतील मुलांनी असाच एक व्हिडिओ काढून विहारात दाखवला. निळे झेंडे, मोटारसायकली, काळे चष्मे, सगळे होते. टाळ्याही पडल्या. मग मागे बसलेल्या एका वृद्ध उपासिकेने विचारले, "झ्याक हाय, पण ह्यात आमी कुठं हाय रं पोरांनो?" जन्मभर पहाटे झाडू घेऊन कामावर गेलेली ही बाई. वर्गणीची पहिली नोट तिचीच होती. मुले गप्प झाली. त्यांनी गाजलेले दहा-बारा व्हिडिओ पाहूनच आपला काढला होता. पण पाहताना फक्त झगमगाट पाहिला होता.

म्हणून आधी पाहायला शिकले पाहिजे. चांगला व्हिडिओ निवडा आणि तीनदा पाहा. पहिल्यांदा आवाज बंद करून पाहा, म्हणजे चित्र काय सांगते ते कळेल. दुसऱ्यांदा डोळे मिटून नुसते ऐका. तिसऱ्यांदा वही घेऊन बसा आणि प्रत्येक दृश्यापुढे चार गोष्टी लिहा: जागा कोणती, माणसे कोण, त्यांच्या हातात काय, दृश्य किती सेकंद टिकले. आणि शेवटी विचारा, हे दृश्य इथे का ठेवले? नक्कल चित्राची करू नका. त्यामागचे कारण तेवढे उचला.

उदाहरण घ्या. २०२१ साली धी आणि अरिवू यांचे 'एन्जॉय एन्जामी' हे तमिळ गाणे देशभर गाजले. अरिवू हा आंबेडकरी विचारांचा तरुण कवी-गायक. त्याची आजी श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेली. तिच्या आयुष्यातून हे गाणे आले आणि व्हिडिओत ती आजी स्वतः दिसते. कष्टकरी म्हातारी पडद्यावर आली ती दया मागायला नव्हे, मानाने आली. आपण यातून त्यांचे कपडे किंवा नाच घ्यायचा नाही, आजीला दिलेली जागा घ्यायची.

दुसरे उदाहरण सातासमुद्रापलीकडचे. १९९६ साली मायकेल जॅक्सनच्या 'दे डोन्ट केअर अबाउट अस' या गाण्याचा व्हिडिओ दिग्दर्शक स्पाइक ली यांनी ब्राझीलमध्ये काढला. साल्वादोर शहरातील रस्ते आणि रिओची डोंगरावरील झोपडपट्टी त्यांनी निवडली. शहराची गरिबी जगाला दिसेल म्हणून तेथील अधिकाऱ्यांनी हरकत घेतली होती. तरी चित्रीकरण झाले. त्यात 'ओलोडम' या तेथील कृष्णवर्णीय ढोलपथकाला मोठी जागा मिळाली. एवढा जगप्रसिद्ध गायक, पण ढोल वाजवणाऱ्यांपासून वेगळा उभा राहिला नाही. आपल्याकडेही ढोलकीवाला आणि कोरस देणाऱ्या भगिनी असतातच ना? मग कॅमेरा एकट्या गायकाच्या तोंडावरच का रोखायचा?

दुसऱ्याचे पाहून आपले घडवणे आपल्या समाजाला नवे नाही. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. तमाशाची ढोलकी आणि सवाल-जवाब लोकांना आवडतात, हे त्यांनी ओळखले. ते त्यांनी ठेवले. बाईला नाचवण्याचा बाजार मात्र टाकला आणि त्या जागी शिक्षणाचा व स्वाभिमानाचा संदेश आणला. काय घ्यायचे आणि काय टाकायचे, हा विवेक त्यांच्यापाशी होता.

आता थोडे हिशेबाचे. चार मिनिटांचे गाणे म्हणजे २४० सेकंद. दर चार सेकंदांनी दृश्य बदलायचे तर ६० दृश्ये लागतील. एका रविवारात ती होणार नाहीत. बारा सेकंदांचे एक दृश्य धरले तर २० पुरतात. त्यांची यादी आधी कागदावर लिहा. सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात काढा, भर दुपारी चेहरे काळवंडतात. ज्याचे चित्रण करायचे त्याची परवानगी घ्या. आणि दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण उचलू नका. गाणे आपले लिहा आणि आपल्याच गळ्यातून येऊ द्या.

आमच्या मुलांनी यंदा वहीत यादी केली आहे. पहिले दृश्य पहाटेचे आहे. गल्लीत अजून दिवे आहेत आणि ती आजी विहाराची पायरी चढते आहे. मोटारसायकलीही आहेत, पण अठराव्या क्रमांकावर!

जयभीम!