स्थापना आणि सक्रियण

कार्यालयीन सॉफ्टवेअर संगणकावर बसविणे ही स्थापना. त्याचा परवाना सिद्ध करणे हे सक्रियण. 'ॲक्टिव्हेशन'साठी 'सुरू करणे' असे लिहिणारे अनुवादक हा भेदच पुसून टाकतात.

अनेक संगणक असलेल्या संस्थेला मायक्रोसॉफ्ट ऑफिससाठी प्रामुख्याने दोन मार्ग उपलब्ध असतात. 'मॅक' पद्धतीत एक सामाईक की प्रत्येक संगणकावर वापरतात. तिची पडताळणी कंपनीकडे एकदाच होते. 'केएमएस' पद्धतीत मात्र संस्थेचाच सर्व्हर सक्रियण करतो. किमान 5 संगणकांनी संपर्क साधल्याखेरीज तो ऑफिस सक्रिय करीत नाही. हे सक्रियण 180 दिवस टिकते आणि संगणक दर 7 दिवसांनी त्याच्या नूतनीकरणाचा प्रयत्न करतो. साहजिकच, संस्थेच्या जाळ्यापासून सहा महिने दूर राहिलेल्या लॅपटॉपचे सक्रियण संपुष्टात येते. आमच्या विभागाला हे उमगले ते प्रश्नपत्रिका टंकित करावयाच्या दिवशी! कोणी म्हणाले, सॉफ्टवेअर बिघडले, ते काढून पुन्हा बसवा. तसे करण्याचे कारण नव्हते. स्थापना शाबूत होती, खंडित झाले होते ते सक्रियण. अशा वेळी लॅपटॉप संस्थेच्या जाळ्याला जोडून सर्व्हरशी त्याचा संपर्क होऊ द्यावा.