वजन रोज करायचं की आठवड्यातून एकदा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली गडबड थोडी साफ केलीय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय माझ्या एका मित्रामुळे आला. वय २९, दिवसभर लॅपटॉपसमोर बसून काम, वडिलांना डायबेटिस. हेल्थ चेकअपमध्ये त्याचं एचबीएवनसी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस. डॉक्टर म्हणाले, सध्या गोळी नको, आधी वजन उतरव. गड्याने मनावर घेतलं. भात बंद, पाव बंद, संध्याकाळी गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर राउंड, आणि दर सोमवारी सकाळी वजन.

त्याचे सोमवारचे आकडे बघा. पहिला ८४.६, मग ८३.१, मग ८२.७. आणि चौथ्या सोमवारी ८३.९! आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, आम्ही सगळे गंगापूर रोडच्या पुढे एका मळ्यात मिसळ खायला गेलो होतो. तर्री दोनदा, पाव किती ते मोजले नाहीत, वर जिलेबी. सोमवारी त्याने मला काट्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "जाऊ दे यार, आपल्याच्याने होत नाही." आणि खरंच सोडून दिलं. पुढचे दोन महिने काटा पलंगाखाली.

आता जरा हिशोब करू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. १.२ किलो चरबी चढायची तर नेहमीच्या जेवणाच्या वर ९००० हून जास्त कॅलरी पोटात जायला हव्यात. एका प्लेट मिसळीच्या, पाव-फरसाण धरून, ७०० कॅलरी धरल्या तरी तेरा प्लेट होतात. आपण नाशिककर मिसळीच्या बाबतीत कमी नाही, पण तेरा प्लेट नाही खाल्ल्या त्याने.

मग १.२ किलो आले कुठून? बरंचसं पाणी. तर्री, फरसाण, पापड यातलं मीठ शरीरात गेलं की ते पातळ ठेवायला शरीर पाणी धरून ठेवतं. शिवाय पोटात-आतड्यात जे अन्न अजून आहे त्याचंही वजन असतंच, काटा ते वेगळं मोजत नाही. आणि तिसरी गोष्ट ग्लायकोजेन. पाव, भात, पोळी यातली जास्तीची साखर शरीर लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठवतं, आणि त्याच्या एका ग्रॅमसोबत अंदाजे तीन ग्रॅम पाणी साठतं. साठा साधारण चारशे-पाचशे ग्रॅमचा. म्हणजे पाण्यासकट दीड-दोन किलोचा मामला, जो खाण्यावर वरखाली होतो.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही खरी आहे. पहिल्या आठवड्यात त्याचे दीड किलो उतरले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. पण भात-पाव बंद केल्यावर आधी जातं ते हेच पाणी. 'सात दिवसांत तीन किलो' वाल्या रील्सचं गुपित बहुतेक वेळा एवढंच असतं. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी वजन कमी दिसतं तेही रिकामं पोट आणि पाणीच. अर्थात दिवसभर साबुदाणा खिचडी हाणली असेल तर तेही नाही.

आता मुख्य मुद्दा. रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या, अगदी शिस्तीत, तर आठवड्याला चरबी उतरते साधारण ४५० ग्रॅम. आणि पाणी-मीठ-पोट यामुळे एका दिवसात आकडा हलतो सहज एक किलो. म्हणजे जे मोजायचंय ते लहान आणि मधला गोंगाट त्याच्या दुप्पट. अशा वेळी आठवड्यातून एकच रीडिंग घेतलं, तेही रविवारच्या दुसऱ्या दिवशी, तर ते जवळपास छापा-काटा आहे. सर्व्हर स्लो झालाय का हे बघायला कोणी आठवड्यातून एकदा एकच रिक्वेस्ट मारून बघत नाही ना? तसंच हे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: वजन रोज करा, पण रोजच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. सरासरी बघा.

ही आयडिया माझी नाही. ऑटोकॅड माहिती असेलच, सातपूर-अंबडच्या कितीतरी कंपन्यांत ड्रॉइंग त्याच्यावर होतात. ते बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉकर. त्यांनी १९९१ मध्ये 'द हॅकर्स डाएट' नावाचं पुस्तक लिहिलं. नेटवर फुकट आहे. त्यात ते शरीराकडे इंजिनिअरच्या नजरेने बघतात आणि एक सोपं सूत्र देतात. पहिल्या दिवशीचं वजन हाच ट्रेंड धरायचा. मग रोज, आजच्या वजनातून कालचा ट्रेंड वजा करायचा, जो फरक येईल त्याचा दहावा भाग ट्रेंडमध्ये मिळवायचा. फरक उणे आला तर वजा करायचा. समजा कालचा ट्रेंड ८२.९ आणि आज काटा ८३.९ दाखवतोय. फरक एक किलो, दहावा भाग १०० ग्रॅम, नवा ट्रेंड ८३.०. मिसळीचा सगळा धसका १०० ग्रॅममध्ये आटोपला. फोनमधल्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीत बसतं. पहिले दोन-तीन आठवडे रेघ जरा मागे मागे चालते, तेवढा धीर धरा.

रोज वजन केल्याने फायदा होतो का? अमेरिकेत रेना विंग यांच्या टीमचा एक अभ्यास २००६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. वजन उतरवलेले ३१४ लोक घेतले. ज्यांना फक्त माहितीपत्रकं पाठवली त्यांच्यातल्या ७२ टक्के लोकांचं वजन दीड वर्षात २.३ किलो किंवा जास्त परत चढलं. ज्यांना समोरासमोर बसून शिकवलं त्यांच्यात हे प्रमाण ४६ टक्के. शिकवलं काय, तर सिग्नलसारखे झोन. सुरुवातीच्या वजनापासून साधारण दीड किलोच्या आत असाल तर हिरवा, त्याच्या पुढे पिवळा, २.३ किलोच्या वर लाल. पिवळ्यात गेलात की लगेच खाणं-चालणं दुरुस्त करायचं. या शिकवलेल्या लोकांत जे रोज वजन करत होते त्यांचं वजन परत चढण्याची शक्यता कमी दिसली. आता यावरून काट्यामुळेच झालं असं छातीठोक म्हणता येत नाही, शिस्तीचे लोकच रोज काट्यावर चढत असतील. पण मला त्यातला झोनचा भाग आवडला, कारण आकडा वाढला तर काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं.

वजन कधी, कसं? सकाळी उठल्यावर, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, कमी कपड्यांत. काटा सपाट फरशीवर, सतरंजीवर नाही, आणि रोज त्याच जागी. काट्याच्या आत लोडसेल असतात, खालचा आधार मऊ झाला की आकडा बिघडतो. जिममध्ये संध्याकाळी बुटांसकट घेतलेलं वजन या यादीत लिहू नका. आणि दिवसातून एकदाच. जेवणाआधी-जेवणानंतर करणारे मी पाहिलेत, त्यातून फक्त जेवणाचं वजन कळतं.

मुलींसाठी एक गोष्ट वेगळी. पाळीच्या आसपास शरीर पाणी धरतं, तेव्हा कालच्या आकड्याशी तुलना करू नका, मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी करा.

आणि काही जणांनी हे रोजचं प्रकरण करूच नये. आकडा वाढला म्हणून नाश्ता टाळणं, दिवसभर मूड जाणं, लपून खाणं आणि मग उलटी काढणं, असं काही होत असेल तर काटा घरातल्या कोणाकडे तरी देऊन टाका आणि डॉक्टरांशी बोला. हे आळसाचं किंवा कमजोरीचं लक्षण नाही, आजार असू शकतो. याच्या उलट, घरात कोणाला हार्ट फेल्युअर असेल तर त्यांना डॉक्टर रोज वजन करायला सांगतात. तिथे सरासरी वगैरे बघत बसायचं नाही. दोन-तीन दिवसांत एक-दोन किलो वाढले तर ते शरीरात साठलेलं पाणी असू शकतं, लगेच फोन करायचा.

काट्याला एक गोष्ट मात्र कळत नाही, आणि ती आपल्यासाठी महत्त्वाची आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के! आपण भारतीय बारीक दिसूनही आतून चरबीवाले असू शकतो. म्हणून काट्याच्या जोडीला शिंप्याकडचा टेप ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा पोटाचा घेर मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० ही धोक्याची रेघ धरतात. काटा जो चरबीचा टक्का दाखवतो तो पायातून बारीक करंट सोडून काढलेला अंदाज असतो, शरीरातल्या पाण्यावर तोही हलतो.

मित्राने दिवाळीनंतर काटा पलंगाखालून काढला. मी त्याला ती एका ओळीची शीट करून दिली. सहा आठवड्यांत ट्रेंड ८५.२ वरून ८३.४ वर आला, घेर ९७ वरून ९४. मधल्या काळात मिसळ दोनदा झाली. दोन्ही सोमवारी काट्याने किलोभर जास्त दाखवलं, त्याने फोटो पाठवला, खाली फक्त लिहिलं, "तर्री."