कुतूहल : मार्गिटची काठी हवेत का थांबते?

'एल्डन रिंग' सुरू केला की लिमग्रेव्हच्या हिरव्या माळावर लगेचच सोनेरी चिलखतातला घोडेस्वार दिसतो. त्याला भिडलात की संपलात! २०२२ साली आलेल्या या जपानी गेमची ही सलामी. तरी लोक पुन्हा पुन्हा मरायला परत का जातात?

पुढे भेटणारा मार्गिट हा शत्रू पाहा. तो काठी उगारतो आणि तशीच धरून ठेवतो. आपण घाबरून आधीच कोलांटी मारतो. वारापासून संरक्षण असतं ते कोलांटीच्या सुरुवातीच्या निमिषभरच. ते सरलं की काठी बसते. वेगवान गोलंदाजाच्या स्लोअर वनवर फलंदाज फसतो, तसंच हे.

तरी आपण परत जातो, त्याचं उत्तर मेंदूत सापडतं. मेंदू सतत पुढचा अंदाज बांधतो आणि प्रत्येक चुकीनंतर तो सुधारतो. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांत दिसलं, की मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशी अनपेक्षित बक्षिसावर उसळतात, ठरलेल्यावर फारशा हलत नाहीत. हरणार अशी खात्री असताना जिंकलो, तर ती उसळी मोठी असावी.

गेममध्ये मेल्यावर जमवलेले 'रून', म्हणजे तिथलं चलन, तिथेच पडतात आणि ते उचलण्याआधी पुन्हा मेलात तर कायमचे जातात. हा मात्र मला निव्वळ दुष्टपणा वाटतो. बाकी, त्या घोडेस्वाराला वळसा घालून खुशाल पुढे जाता येतं.