नवा भागीदार आणि नफ्याचे नवे प्रमाण

भागीदारी संस्थेचा सगळा नफा आधीच वाटून ठरलेला असतो. शिल्लक हिस्सा असा काही नसतो, म्हणून नव्या भागीदाराचा वाटा जुन्यांपैकी कोणाच्या तरी वाट्यातूनच काढावा लागतो. त्याला किती द्यायचे यावर एकमत लवकर होते. ते कोणी किती सोडायचे, यावर बैठक लांबते. बारावीच्या पुस्तपालनात या सोडण्याला ‘त्यागाचे प्रमाण’ म्हणतात.

भारतीय भागीदारी कायदा, 1932 च्या कलम 31 नुसार, करारात वेगळे ठरलेले नसल्यास सर्व भागीदारांच्या संमतीशिवाय नवा भागीदार घेता येत नाही. प्रवेशापूर्वीच्या देण्यांची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. वाटणीचे प्रमाण कुठे ठरलेलेच नसेल, तर कलम 13 सर्वांना समान वाटा देते. भांडवल कोणाचे किती, हे पाहत नाही. पाच लाख घालणारा आणि पन्नास हजार घालणारा एकाच रांगेत बसतो. तोंडी शब्दावर चाललेल्या भागीदाऱ्यांना ही तरतूद बहुधा भांडण झाल्यावरच कळते.

गोंदिया हा धानाचा जिल्हा, आणि राइस मिल हा तिथला ओळखीचा धंदा. समजा, सडक अर्जुनी तालुक्यातल्या कोहमारा येथे, नागपूर–रायपूर महामार्गाला गोंदियाचा रस्ता मिळतो त्या परिसरात, अ आणि ब यांची मिल आहे. नफ्याचे प्रमाण 3:2. आता क येतो आणि त्याला 1/5 वाटा द्यायचा ठरते.

एवढेच ठरले असेल, तर उरलेले 4/5 जुने दोघे आपापसात 3:2 नेच वाटून घेतात. अ ला 4/5 पैकी 3/5, म्हणजे 12/25. ब ला 8/25. क चा 1/5 म्हणजे 5/25. नवे प्रमाण 12:8:5. अ ने 3/25 सोडले, ब ने 2/25. त्यागाचे प्रमाण 3:2, म्हणजे जुनेच.

पण क हा अ चा भाचा असला आणि अ ने जास्त भार उचलायचे मान्य केले, तर गणित बदलते. अ 3/20 देतो, ब 1/20. अ कडे 12/20 मधून 9/20 उरतात, ब कडे 8/20 मधून 7/20, आणि क ला 4/20. प्रमाण 9:7:4. क चा वाटा तोच, 1/5. जुन्यांचे मात्र बदलले.

इथे शब्दांचा एक सापळा आहे. ‘दोघेही आपल्या वाट्याचा चौथा हिस्सा देतील’ असे करारपत्रात लिहिले, तर अ चे 3/5 चा चौथा हिस्सा म्हणजे 3/20 आणि ब चे 2/20 जातात. क ला 1/4 मिळतो आणि प्रमाण 9:6:5 होते. ‘आपल्या वाट्यातून चौथा हिस्सा’ असे लिहिले, तर प्रत्येकाच्या वाट्यातून सबंध 1/4 वजा होतो आणि क थेट निम्म्याचा मालक बनतो. परीक्षेत यावर गुण जातात, धंद्यात मिल.

त्यागाचे प्रमाण काढायचे ते ख्यातीसाठी. जुन्यांनी कमावलेल्या नावाचा फायदा क घेणार, म्हणून तो त्याची किंमत मोजतो. सरासरी वार्षिक नफा 4,00,000 रुपये आणि ख्याती दोन वर्षांच्या नफ्याइतकी धरली, तर ती 8,00,000. क चा 1/5 म्हणजे 1,60,000. पहिल्या रीतीत अ ला 96,000 आणि ब ला 64,000 मिळतात. दुसऱ्या रीतीत 1,20,000 आणि 40,000. ज्याने जास्त सोडले त्याला जास्त.

प्रवेशाच्या दिवशी मालाचे पुनर्मूल्यांकनही होते. गोदामातला धान वहीत 10,00,000 चा आणि बाजारभावाने 11,00,000 चा निघाला, तर वाढीव लाख रुपये अ आणि ब यांचेच, जुन्या 3:2 प्रमाणात: 60,000 आणि 40,000. भाव घटला असेल तर तोटाही त्यांचाच.

क वर्षाच्या मध्ये आला, तर हिशेब जास्त नाजूक होतो. समजा, तो 1 ऑक्टोबरला आला, मार्चअखेर वर्षाचा नफा 6,00,000 आणि नवे प्रमाण 12:8:5. पाठ्यपुस्तकी रीतीने नफा दोन सारख्या सहामाह्यांत विभागला, तर दुसऱ्या सहामाहीच्या 3,00,000 मधून क ला 60,000. पण राइस मिल बारा महिने सारखी चालत नाही. खरिपाचा धान दिवाळीच्या सुमारास निघतो, खरेदी आणि भरडाई त्यानंतर जोर धरते. वहीवरून दुसऱ्या सहामाहीचा नफा 4,50,000 निघाला, तर क ला 90,000 मिळायला हवेत. वेळेच्या आधारे केलेली वाटणी त्याचे 30,000 जुन्यांच्या खिशात घालते. हंगामी धंद्यात प्रवेशाच्या तारखेलाच साठा मोजून ताळेबंद काढावा आणि तिथून नवे प्रमाण लावावे, हे उत्तम. ते जमत नसेल, तर विभागणी वेळेच्या आधारे होणार की विक्रीच्या, एवढे तरी करारपत्रात लिहून घ्यावे.

संस्था नोंदणीकृत असेल, तर नवे करारपत्र झाल्यावर भागीदारांतला बदल संस्था निबंधकांना कळवावा लागतो.