मोत्याला सुट्टीतली शर्यत नको!

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही वडीगोद्रीच्या स्टँडवर उतरता, बॅग टाकत घर गाठता. पूर्वी नुसती चाहूल लागली तरी मोत्या अंगावर झेपावायचा. यंदा तो आधी पुढचे पाय टेकवतो, जरा थांबतो, मग मागचे उचलतो. शेपूट तेवढ्याच जोरात हलते. उडी मात्र नाही.

"म्हातारा झालाय, पडू दे निवांत," घरचे म्हणतात. तुम्हाला ते पटत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच तुम्ही त्याला कॅनॉलच्या रस्त्याने पळवता. संध्याकाळी मोत्या लंगडतो. गंमत म्हणजे, इथे घरचेही चुकले आणि तुम्हीही!

नुसतं पडून राहिलं की स्नायू झिजतात, वजन वाढतं आणि सगळा भार सांध्यांवर येतो. उलट एकदम पळवलं की झिजलेले सांधे सुजतात. मोठ्या चणीची कुत्री सात-आठ वर्षांतच म्हातारपणाकडे झुकतात. त्यांना हवं असतं रोज थोडं थोडं चालणं. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं, त्याच्या चालीने. तो मागे रेंगाळला, धापा टाकू लागला की परत फिरा. वाटेत हुंगत बसला तर ओढू नका. वास घेणं हाही त्याच्या डोक्याचा व्यायामच आहे.

आपल्याकडे उन्हाळ्यात डांबर किती तापतं, ते वेगळं सांगायला नको. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसवलं नाही, तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. म्हणून ऊन चढायच्या आत फिरवून आणा. गाव हायवेला लागून आहे आणि म्हाताऱ्या कुत्र्याला ट्रकचा हॉर्न नीट ऐकू येईलच असं नाही, त्यामुळे गळ्यात पट्टा हवाच. पोहणं सांध्यांना चांगलं असतं हे खरं, पण म्हणून त्याला कॅनॉलमध्ये उतरवू नका. वाहत्या पाण्यातून तो उतार चढून वर येणं त्याला जमणार नाही.

घरातल्या गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात. तिथे पोतं किंवा जुनी सतरंजी टाका. वाढलेली नखं कापून घ्या. आणि लंगडतोय म्हणून आपल्या डब्यातली पेनकिलर अजिबात देऊ नका! आयब्रुफेन, पॅरासिटामॉलसारखी माणसांची औषधं कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. लंगडणं थांबत नसेल तर सरळ जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता खरा प्रश्न. सुट्टी संपली, तुम्ही कॉलेजला परत गेलात, मग त्याला फिरवणार कोण? निघण्याआधीच ते ठरवा. धाकटी बहीण असेल, नाहीतर आजोबा. त्यांनाही डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं असतंच की! दोघांची चाल जुळेलही.

आणि हॉस्टेलवरून फोन केला की "मोत्या कसाय?" एवढंच विचारून थांबू नका. "आज त्याला फिरवलं का?" हे विचारा.